कॉलेजचा आहेर

ये गं पोरी, अशी जवळ बस. वर्षातून एकदा तोंड दाखवतेस, एरवी नुसतं मोबाईलमधून, आणि वर विचारतेस, आत्याकडं मांडव कसला होता म्हणून. कार्ड पाठवलं होतं की तुला. आली नाहीस, आता या काकूकडून ऐक.

तुझी आत्या, म्हणजे आमच्या वन्सं, यांच्याइतकं पुढचं बघणारी बाई अख्ख्या कडोलीत जन्मली नाही. शहापूरला माझ्याकडं आल्या तर आधी परतीच्या बसची चौकशी, मग पाणी. लेकीला झगा शिवला तर पुढल्या दोन दिवाळ्यांच्या मापाचा. बालवाडीत जाईपर्यंत पोरगी झग्यात शोधावी लागायची. नवरा लवकर गेला, शिलाई मशीनवर संसार ओढला, आणि लेक पाळण्यात असल्यापासून तिच्या कॉलेजची तजवीज सुरू केली. पण कशी, ते ऐक. एका पतसंस्थेत हात पोळले होते, म्हणून ठरवलं, पैसा ठेवायचा तर माणसांत. म्हणजे आहेरात! भावकीत, भावकीच्या व्याह्यांत, कुणाचंही लग्न असो, वन्सं हजर, आणि पाकीट ऐपतीपेक्षा जाड. पिरनवाडीत एकदा भलत्याच मांडवात शिरल्या, जेवल्या, आहेर केला, आणि चूक कळल्यावर पाकीट परत मागायचं सोडून नवरीच्या आईशी नातं काढून आल्या. मी रागावले तर मलाच शिकवतात, "वैनी, बँक बुडंल, आहेर बुडत न्हाय. आपल्यात केलेलं माणूस फेडतंयच."

फेडतंय गं, पण कधी? घरात लग्न निघालं की! एवढं पुढचं बघणाऱ्या बाईला एवढं दिसू नये?

पोरगी पीयूसीला, म्हणजे बारावीला, छान पास झाली, धारवाडला शेतकी शिकायला जागा मिळाली, आणि फी भरायची वेळ आली. मी डोक्याला हात लावला. वन्संनी कार्डं छापली. वर गणपती, खाली 'कन्येचा कॉलेजप्रवेश'. दारात मांडव, शिरा-पुरीचं जेवण, पोरीला काठापदराची साडी. लोक आले, जेवले, नवरदेव कुठला म्हणून माझ्याच कानाशी लागले. आणि हातात काय? कुणी खण-नारळ, कुणी भिंतीवरचं घड्याळ. पाकीट विचारू नकोस. माझं तर डोकंच फिरलं. डीजेला पैसे आहेत, नवरदेवाच्या घोड्याला आहेत, पोरीच्या पुस्तकाला म्हटलं की यांचे खिसे शिवलेले!

त्यात निपाणीचे चुलत दीर, तंबाखूच्या वखारीचे मालक. त्यांच्या तिन्ही पोरींच्या लग्नांत वन्संनी पोटाला चिमटा काढून आहेर केलेला. ते पान चघळत म्हणाले, "अगं, लग्नात करू की सगळं. आमी कुठं पळून चाललोय?"

वन्सं वाढता वाढता थांबल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मग अण्णा, फीसाठी पोरीचं लगीन लावू व्हय?"

मी तोंड उघडणार तोवर दिरांची बायकोच उठली. नवऱ्याच्या कोटाच्या खिशात सगळ्यांदेखत हात घातला, जे आलं ते पोरीच्या ओटीत टाकलं आणि म्हणाली, "हिनं आमच्या दारात येताना कधी हिशेब केला न्हाय." मग एकेक उठले. काही मनापासून, काही लाजेखातर. लाजेचे पैसेही कॉलेजात चालतात. पहिल्या वर्षाची फी झाली, हॉस्टेल झालं.

पोरगी धारवाडला गेली. पुढच्या वर्षासाठी वन्सं पुन्हा मशीनवर वाकल्यात. या खेपेला पैसा पोस्टात, माझ्यासमोर. परवा भेटायला गेले तर मशीन थांबवून चहा ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "वैनी, सगळ्यांनी फेडून टाकलं. आता हिच्या लग्नाला कुणाकडनं काय येणं न्हाय. येतील का वो माणसं?"

मी त्यांच्यावर डाफरले, येतील की, न यायला काय झालं. पण घरी आल्यावर माझंच मन लागेना. म्हणून सांगते पोरी, लग्नाची वाट बघू नकोस. येत्या रविवारीच परत ये, आपण दोघी कडोलीला जाऊ. हातात काही आणू नकोस, नुसती ये.