खांबाच्या अलीकडे

मी घरूनच एका मोबाइल गेमच्या कंपनीचं काम करते. गेम खो-खोचा आहे. जखमी खेळाडू मैदानात कधी आणि कसा परतेल, त्याचे नियम लिहिणं माझ्याकडे आलं होतं. तेव्हाचा नियम सोपा होता. खेळाडूच्या नावापुढे लाल पट्टी यायची, रोज थोडी थोडी हिरवी व्हायची, आणि पूर्ण हिरवी झाली की तो पहिल्यासारखा पळायचा.

त्याच वर्षी माझ्या आक्काच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती खरीखुरी खो-खो खेळणारी, खांबाजवळ सूर मारून गडी बाद करण्यात पटाईत. तसाच सूर मारताना गुडघा दुखावला होता. पिरनवाडीतल्या आमच्या घरात ती दुपारभर उशीवर पाय ठेवून पडलेली असायची, शेजारी मी लॅपटॉप घेऊन. पडद्यातून आलेलं ऊन तिच्या पायावरून सरकत भिंतीवर जायचं. बोलणं फार नसायचं. मला तसंही ते जमत नाही. व्यायाम झाला की ती विचारायची, आज किती झालं? मी गेममधल्यासारखा आकडा सांगायचे. चाळीस. बासष्ट. आकडा ऐकून तिला शांत झोप लागायची, म्हणून मी तो थोडा वाढवूनच सांगे. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली त्या दिवशी मी शंभर म्हणाले.

रविवारी संकेश्वरला सामना होता. त्याआधी आठवडाभर ती सरावाला जात होती आणि मी कट्ट्यावर बसून बघत होते. ती पूर्वीसारखीच पळते असं संघातल्या सगळ्याच म्हणत होत्या. पण खांब दोन पावलांवर आला की ती शेवटी बसलेल्या मुलीला खो देऊन मोकळी व्हायची. ते नियमाला धरूनच होतं, त्यामुळे कुणाला खटकलं नाही. तिसऱ्या दिवशी एका मैत्रिणीने मात्र हटकलं.

"खांब चावतोय व्हय गं तुला?"

सगळ्या हसल्या. आक्काही हसली, जरा उशिरा.

मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून सुचवलं की पट्टी हिरवी झाल्यावरही खेळाडूने काही दिवस खांब टाळावा. ते आकड्यात दिसू नये, खेळवणाऱ्याने बघून ओळखावं. साहेब म्हणाले, लोकांना वाटेल गेम बिघडलाय. आक्काला मात्र यातलं काहीच, ते आकडे वाढवलेले होते हेही, सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हाच टोचलं.

शनिवारी सराव संपला, मैदान रिकामं झालं. धुकं उतरू लागलं होतं.

"आक्का, ते आकडे मी मनानंच सांगत होते."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "गुडघा बरा झालाय गं. पण खांब जवळ आला की गुडघा माझा वाटत न्हाय बघ."

मग ती चालत खांबाकडे गेली आणि त्याच्या दोन पावलं अलीकडेच मातीत पालथी पडली, झोपल्यासारखी. मी तिच्याजवळ बसले. बऱ्याच वेळाने तिने कप्तानला फोन लावला.

"उद्या मला खेळवू नकोस. मी बघायला येते."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आक्काने फोन बंद करून माझ्याकडे दिला, गाल पुन्हा मातीला टेकवला आणि एक हात खांबाकडे लांब केला. बोटं पोचत नव्हती. तिने पुढे सरकायची घाई केली नाही.