नानासो सुतारांचा फळा

पिंपळवड्यात कुणी गेलं, तर ते खरंच गेलं की नाही हे चौकातल्या फळ्यावर ठरतं. फोन होतात, मोबाइलच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडतात, तरी पुण्यात नोकरीला असलेला पोरगा घरी विचारतो, "फळ्यावर आलंय का?" आलं असेल तर कुणीतरी फळ्याचा फोटो धाडतं आणि मग पुण्याची गाडी सुटते. सांगलीहून आष्ट्याकडं जाताना आत वळलं की हे गाव लागतं. एक बाजारपेठ, एक बस्ती म्हणजे जैनांचं देऊळ, एक मारुती, तीन सोसायट्या आणि गुरुवारचा बाजार. नगरपंचायत व्हावी म्हणून दहा वर्षं खेटे घालणारं हे गाव मरणाच्या बाबतीत मात्र खडूवरच विश्वास ठेवतं.

तो खडू महावीरअण्णा मगदुमांचा. फळ्याच्या समोरच त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. वय सत्तरीला टेकलेलं, अक्षर पहिल्यापासून असं, की गावातली म्हातारी माणसं दुकानाच्या पायरीवर बसून चेष्टा करायची, "अण्णा, आमचंबी असंच वळणदार लिवा बरं का." अण्णा हसून म्हणायचे, "दमा जरा, खडू संपलाय." आणि मग एके दिवशी खरंच लिहावं लागायचं. तीस वर्षांत गावातल्या घराघरातलं एक तरी नाव त्यांच्या बोटांतून गेलंय. कुठल्या नावाला हात अडला, कुठल्या नावाला खडू मोडला, सगळं त्यांच्या ध्यानात आहे. बाजारातून चालताना त्यांना दारात उभ्या असलेल्या माणसांच्या आधी त्या घरची गेलेली माणसं दिसतात. असलं डोकं घेऊन कुणी सुखानं दोन घास खावेत तरी कसे?

फळा केला नानासो सुतारांनी. जुनी शाळा पाडली तेव्हाच्या तुळया त्यांनी मागून आणल्या, त्यातलं सागवान रंधून फळा जोडला, वर पावसापासून आडोशाला पत्र्याचं छप्पर घातलं. दर दिवाळीच्या आधी ते फळ्याला काळा रंग द्यायचे. रंग वाळेपर्यंत नाना आणि अण्णा दुकानाच्या पायरीवर चहा प्यायचे. एवढीच त्यांची मैत्री, पण ती पंचवीस वर्षं चालली.

या फळ्याची एक रीत आहे. नाव लिहिलं की तिसऱ्या दिवसापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं, की घरचं माणूस, बहुतेक करून बाई, तांब्याभर पाणी आणून आपल्या हातानं नाव धुते. तोवर गेलेला गावातच असतो. धुतलं की जातो. हे कुणी सुरू केलं कुणास ठाऊक, पण गावातली सगळी घरं पाळतात. अण्णांचा स्वतःचा यावर विश्वास नव्हता. जीव निघाला की पुढच्या गतीला लागला, तो चौकात कशाला रेंगाळेल, असं ते बस्तीत ऐकत वाढले. २०२१ च्या मे महिन्यापर्यंत ते तसंच मानत होते.

त्या महिन्यात नानासो गेले. मिरजेला दवाखान्यात नेलेला माणूस परत आलाच नाही. तिकडंच दहन झालं, मनुबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. गुरुवारी सकाळी अण्णांनी डोळे पुसत पुसत आपल्या मित्राचं नाव लिहिलं. खाली कोरोनाच्या दिवसांतली ठरलेली ओळ लिहिली, ‘कुणीही भेटण्यास येऊ नये, ही विनंती.’ दुपारी भाऊसो गेल्याचं कळलं. भाऊसो म्हणजे सोसायटीचे वीस वर्षांचे चेअरमन. त्यांचा पुतण्या चौकात गाडी उभी करून, काच खाली घेऊन म्हणाला, "अण्णा, भाऊसोंचं नाव मोठ्या अक्षरात याया पायजे. पुऱ्या फळ्यावर." अण्णांनी ओलं फडकं घेतलं आणि सकाळी लिहिलेलं नाव दुपारी तीन वाजता पुसून टाकलं.

"नानांचं नाव कुठं गेलं वो?" संध्याकाळी अण्णांच्या बायकोनं, गुणमालाबाईंनी विचारलं.

"जागा न्हवती," अण्णा म्हणाले. मग तेच ते स्वतःलाही सांगत राहिले.

पंधरा दिवसांनी फळा धुताना पहिल्यांदा ते झालं. लाकूड ओलं झालं आणि काळ्या रंगातून ‘नानासो’ वर आलं. राखेच्या रंगाचं, फिकं, पण स्वच्छ वाचता येण्याजोगं. लाकूड वाळलं तसं ते आत गेलं. खडू लाकडाच्या रेषांत बसला असेल, अशी अण्णांनी मनाची समजूत घातली. रॉकेल लावलं, सोड्यानं घासलं, रंगाचे दोन हात दिले. पाणी लागलं की नाव वर. शेकडो नावं त्या फळ्यावरून गेली, त्यातलं दुसरं एकही परत आलं नाही. शेवटी न राहवून त्यांनी गुणमालाबाईंना बोलावून दाखवलं. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय न्हाई वो. पाणी हाय नुसतं." तेव्हापासून अण्णा गप्प झाले. पण त्यानंतर लिहिलेलं प्रत्येक नाव आपण नानांच्या अंगावर लिहितोय, असं त्यांना वाटायचं आणि खडू टेकवताना हात हलका पडायचा. लोक म्हणायचे, अण्णांचं अक्षर उतरलं आता.

अनंत चतुर्दशी झाली की जैनांची क्षमावाणी येते. वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा, असं दारोदार जाऊन म्हणायचं. अण्णा सगळा बाजार फिरायचे, ज्यांच्याशी कधी वाकडं नव्हतं त्यांचीही क्षमा मागायचे. सुतारगल्लीच्या तोंडाशी मात्र पाय अडायचा. चार क्षमावाण्या अशा गेल्या. माणूस सगळ्या गावाची क्षमा मागतो आणि जिथं मागायची तिथंच जात नाही, याला काय म्हणावं?

यंदा क्षमावाणी सोमवारी होती. त्याच्या आदल्या दिवशी सरपंच विश्वजित दुकानात आला. मुलगा चांगला, शिकलेला, पण उत्साह फार.

"अण्णा, बेस्तरवारी डिजिटल बोर्ड बसतोय. आता तुमी आराम करा. मोबाइलवर नाव टाकलं की चौकात दिसणार."

"आन् पुसायचं कसं?"

"पुसायचं न्हाईच की. तीन दिवस झालं की आपसूक जातंय."

"ह्या फळ्याचं काय?"

"सागवान हाय. स्मशानातल्या बाकाला लय झ्याक व्हईल," विश्वजित म्हणाला आणि चहा संपवून गेला.

अण्णांनी बोटं मोजली. सोमवारी नाव लिहिलं तर तिसरा दिवस बुधवार. गुरुवारी फळाच नाही. म्हणजे नानांचं नाव रीतसर लिहून, रीतसर धुवून घ्यायचं तर सोमवार हा लिहिण्याचा शेवटचा दिवस होता. तो गेला, तर नाना कायमचे त्या लाकडात राहणार आणि लोक त्यांच्यावर बसून सरणाकडं बघणार. त्या विचारानं अण्णांना दुपारचं जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी बस्तीतून ते थेट सुतारगल्लीत गेले. मनुबाई दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"वैनी, क्षमावाणी हाय आज."

"ठावं हाय. दरसाल गल्लीच्या तोंडाशी येऊन मागं फिरता. मी बघते की हितनं."

अण्णा पायरीवर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. नाव मीच पुसलं, सकाळी लिहून दुपारी पुसलं, भाऊसोंसाठी पुसलं.

"जागा न्हवती व्हय?" मनुबाईंनी विचारलं. त्यांनी ते सहज विचारलं, जणू पाहुण्याला बसायला पाट सरकवावा.

अण्णांच्या ओठांपर्यंत ‘व्हय’ आलं होतं. चार वर्षांची सवय होती. "हुती, वैनी," ते म्हणाले. "खाली चार ओळी बसल्या असत्या. त्यांच्या पुतण्यानं मोठं लिवा म्हटलं, आन् मला न्हाई म्हणायचा धीर झाला न्हाई."

मनुबाईंच्या बोटांतली शेंग फुटली. दाणे सुपात टाकून त्या सांगू लागल्या.

"मी आल्ते, अण्णा, तिसऱ्या दिवशी. दाराला बांबू बांधलं हुतं, त्याच्या खालनं वाकून आले. तांब्या हुता हातात. बघते तर ह्या कडंपासनं त्या कडंपर्यंत भाऊसोंचं नाव. मला वाटलं, मलाच दिस मोजाया चुकलं. तुमी दुकानात बसला हुता. तोंडाला पदर हुता माझ्या, वळकलं न्हाई तुमी."

अण्णांना ती बाई आठवली. फळ्यापुढं कितीतरी वेळ उभी होती. भाऊसोंच्या घरची कुणीतरी नाव धुवायला आली असेल असं समजून त्यांनी वहीत मान घातली होती.

"पाण्याचं काय केलंत?"

"काय करनार? परत आणलं." मनुबाईंनी हनुवटीनं आत दाखवलं. भिंतीतल्या देवळीत झाकण घातलेला तांब्या होता. "आटलं की भरते. ते हितंच हायती, अण्णा. सांजच्याला रंधा मारल्याचा आवाज येतो. मला भ्या वाटत न्हाई त्याचं. मी च्या ठेवते." मग शेंगांचं सूप बाजूला सारून त्या म्हणाल्या, "जावा, नाव लिवा. तिसऱ्या दिशी येते मी."

अण्णांनी त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, नाव लिहिलं. नानासो रामचंद्र सुतार. या कडेपासून त्या कडेपर्यंत, भाऊसोंपेक्षा मोठं. खाली निधनाची खरी तारीख घातली आणि ‘बुधवारी सकाळी आठ वाजता नाव धुण्यास यावे’ असं लिहिलं. फोटो गेला, पुण्याहून फोन आले, "नानासो तर कवाच गेले की?" गावानं मात्र काही विचारलं नाही. कदाचित चार वर्षं सगळ्यांनाच माहीत असेल. लहान गावात असल्या गोष्टी कुणी बोलत नाही, एवढंच.

बुधवारी बाजारपेठेनं दुकानं अर्धी ओढून घेतली. चौक भरला होता. मागं भाऊसोंचा पुतण्याही गाडीतून उतरून उभा होता. मनुबाई तांब्या घेऊन आल्या. त्यांनी ते नाव एकेका अक्षरावर बोट फिरवल्यासारखं वाचलं. अण्णा त्या तांब्याकडं बघत होते. आता पाणी पडेल, नाव उतरेल आणि नाना जातील. मनुबाई वाकल्या आणि तांब्यातलं सगळं पाणी फळ्याखालच्या मातीत ओतलं.

"मी पुसायची न्हाई," त्या म्हणाल्या. "तवा लय घाई झाली. आता ऱ्हाऊ द्या." मग विश्वजितकडं वळून म्हणाल्या, "सरपंच, फळा आमच्या मालकांनी केलाय. तो घरी पोचवा."

"वैनी, आन् माझी क्षमा?" अण्णांनी विचारलं.

"ती सोमवारीच केली. नाव मातूर तुमच्या हातात हाय, ते संभाळा."

आता चौकात डिजिटल बोर्ड आहे. नावं लाल अक्षरात सरकतात आणि तीन दिवसांनी आपोआप जातात. नानासोंचा फळा मनुबाईंच्या घराच्या बाहेरच्या भिंतीला आहे, रस्त्याकडं तोंड करून. अण्णा बस्तीला आता त्याच गल्लीतून जातात आणि रोज सकाळी ते नाव वाचतात. खडूचं नाव टिकून किती टिकणार? दर पंधरा दिवसांनी मनुबाईंचा निरोप येतो, "नाना फिकं झाल्यात." अण्णा खडू घेऊन जातात. पुसायचं नाही, आहे त्यावरच गिरवायचं, असं ठरलेलं आहे. गिरवून झालं की मनुबाई तीन कप चहा आणून पायरीवर ठेवतात. एक अण्णा घेतात, एक त्या घेतात. तिसरा गार होईपर्यंत दोघंही उठत नाहीत.