पाटकऱ्याच्या खिशातली यादी

मित्रांनो, आत्ताच वसमतच्या नेट कॅफेत येऊन बसलोय. सकाळची गोष्ट डोक्यातून जात नाही.

आमच्या हट्ट्याला कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं. पाळ्यांची यादी मात्र पाणी सोडणाऱ्या पाटकरी मामांच्या खिशात असायची. विचारलं की म्हणायचे, "येईल तुमची बी." मामा वशिल्यानं पाणी देतात, असं अख्खं गाव म्हणायचं. मीसुद्धा.

आज गिरणीपाशी सखूमावशी मामांवर भडकल्या. त्यांचं शेत कालव्याच्या पार शेवटी; पाणी कधी येईल, याचा त्यांना पत्ताच नसायचा. "काहून लपवून राहिला रे? लाव की भिंतीवर!"

मामांनी यादी काढून गिरणीच्या भिंतीवर चिकटवली. सोबत जुन्या पाळ्यांचे कागदही. आम्ही चूक शोधायला तुटून पडलो. सगळं बराबर निघालं. दर वेळी शेवटच्या शेतापासून सुरुवात आणि मामांचं स्वतःचं वावर सगळ्यात मागं.

मी विचारलं, "मामा, आधीच काहून न्हाई लावली?"

"कालव्याचे साहेब म्हणले, हापिसाचा कागद हाय, कुणाला दाखवू नको. त्याच्यापायी माझ्या पोरीच्या लग्नाला अर्धं गाव आलं न्हाई."

तुमच्या गावात असा कागद कुणाच्या खिशात आहे? तो भिंतीवर लावायला सांगा. चोर सापडेल किंवा चांगला माणूस सुटेल.

त्या लग्नाला मीही गेलो नव्हतो.