नेपाळी शेजाऱ्याचे भाऊ

नाशिकच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचो. पक्की लोकशाही किंवा पक्की हुकूमशाही असेल तिथे यादवी कमी, धड ना इकडे ना तिकडे अशा राजवटीत तिचा धोका जास्त, असं वर्गात सांगायचो. आमच्या शेजारच्या नेपाळी माणसाचा एक भाऊ राजाच्या सैन्यात होता, दुसरा बंडखोरांबरोबर जंगलात.

"समोरासमोर आले तर, सर?" तो विचारायचा.

पुढे राजाला सत्ता सोडावी लागली, बंडखोरांशी समझोता झाला. एका सकाळी शेजारी धावतच दारात आला.

"सर, आईचा फोन होता! दोघं घरी आलेत आणि भांडतायत!"

"आता कशावरून?"

"मत कुणाला द्यायचं यावरून!"

त्याला पोट धरून हसताना पाहिलं आणि मला फार हायसं वाटलं.