ग्रॅमभाऊंचं कॉकपिट

ग्रॅमभाऊ कुठलीही वस्तू काट्यावर ठेवण्याआधी तिच्यावर हलकी फुंकर मारायचे. धुळीलाही वजन असतं, असं त्यांचं म्हणणं. सोनाराकडे असतो तसा तळहाताएवढा काटा त्यांच्या खिशात कायम असे. एकदा मैदानावर कुणी समोसा दिला, तर तोही त्यांनी आधी काट्यावर ठेवला आणि म्हणाले, "आलू कमी, हवाच जास्त हाये. हा उडंल." रिमोटवर विमानं उडवणाऱ्या आमच्या पंधरा-वीस जणांच्या मंडळात त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे.

धंद्यानं ते कवळ्या बनवायचे. लकडगंजमध्ये लाकडं कापायच्या एका आरा मशीनच्या मागच्या गल्लीत त्यांची एका खोलीची लॅब होती. दातांचे डॉक्टर मापं पाठवत, हे दात घडवून परत देत. माझ्या पुढच्या दाताचा रंग जुळवायला डॉक्टरांनी मला तिकडे धाडलं, तेव्हा ओळख झाली. मी मैदानावरून परस्पर गेलो होतो, विमान हातातच होतं. त्यांनी आधी विमान पाहिलं, मग माझा दात.

"आत कोन बसते?"

"कोणी नाही. काच काळी रंगवली आहे. आत पोकळ."

"मंग याले विमान काहून म्हनतं गा? हा तं पतंग झाला."

पुढच्या रविवारी ते मैदानावर हजर झाले. मौद्याच्या रस्त्याला एका मित्राचं पडीक रान आहे, तेच आमचं मैदान. रिमोट त्यांनी कधीच हातात घेतला नाही. "उडवाचं तू पाह्य. बसाची सोय माह्याकडं," असं म्हणून त्यांनी माझ्या नव्या, दोन मीटर पंखांच्या लढाऊ विमानाचा मधला भाग चक्क उचलून घरी नेला.

तीन महिने ते त्यावर काम करत बसले होते. दातांच्या साच्यावर गरम करून ओढतात त्याच पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याची त्यांनी कॉकपिटवरची काच ओढली. शर्टाच्या बटणापेक्षा लहान अशा अकरा डायल केल्या आणि प्रत्येकीवर पारदर्शक रसायनाचा एकेक थेंब सोडला. तो वाळला की खरीच काच वाटे. दात सरळ करायच्या तारेचे खटके केले. बायकोच्या जुन्या साडीच्या काठातून पट्टी कापून पायलटला बांधायचा पट्टा केला. काकू म्हणाल्या, "माही साडी हाये ते! इचारलं तरी काय?" तर हे म्हणाले, "तुही साडी आकाशात चालली, आन् तू रडून राहिली?"

पायलट थर्माकोलचा होता. मी पाहिलं तर त्याला मिशी माझी आणि टक्कलही माझं.

"केसं देल्ले नाहीत," ते गंभीरपणे म्हणाले. "अर्धा ग्रॅम वाचला."

सगळं मिळून बासष्ट ग्रॅम भरलं. कॉकपिट विमानाच्या तोलाच्या जागेपेक्षा जरा मागे येत होतं, म्हणून त्यांनी बॅटरी तेवढीच पुढे सरकवायला लावली. मग पंखांखाली दोन बोटं धरून विमान उचललं. ते समईच्या ज्योतीसारखं स्थिर राहिलं. ग्रॅमभाऊ बराच वेळ तसेच उभे होते. त्यांचा चेहरा तेव्हा किती तरुण दिसत होता, ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

आमच्या वार्षिक मेळाव्याला मी ते विमान काढलं. आदल्या दिवशी मी पंखांतल्या दोन्ही छोट्या मोटारी बदलल्या होत्या. पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या असतात. रिमोटची काठी उजवीकडे नेली की उजवी पट्टी वर उठायला हवी. मोटार बदलली की हे उलटं होऊ शकतं, म्हणून उडवण्याआधी एकदा काठी हलवून बघायचं असतं. मंडळातल्या प्रत्येक नव्या माणसाला हे मीच शिकवलेलं. आणि त्या सकाळी मीच ते केलं नाही. माणसं जमली होती, वाकून आत बघत होती, "अरे बापरे, मिशीसुद्धा!" म्हणत होती. मला उडवायची घाई झाली.

विमान उठलं, वाऱ्यानं जरा डावीकडे कललं. मी उजवीकडे काठी दिली. ते आणखी डावीकडे गेलं. मी आणखी उजवीकडे दिली. तिसऱ्यांदा काही द्यायला ते हवेत राहिलंच नाही.

धावत पहिला मी पोचलो. एक पंख शाबूत होता. मी काठी हलवली आणि पट्टी उलटी गेलेली पाहिली. लगेच बॅटरीची वायर उपटली. मागून सगळे आले, तेव्हा मी म्हणालो, "कॉकपिट जड झालं. शेपटीकडचं वजन वाढलं की विमान असंच पंख टाकतं."

मी सगळ्यांचा गुरू. कुणी शंका घेतली नाही.

ग्रॅमभाऊ गवतातून डायल वेचत होते. ते एवढंच म्हणाले, "असंल. माहाच काटा चुकला असंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काटा ओळखीच्या सोनाराकडे नेऊन ताडून पाहिला. काटा बरोबर निघाला. तिथेच खरा घात झाला. काटा चुकला असता तर तो टाकून देता आला असता. आता चुकायला त्यांचा हातच उरला. मंडळात दुसऱ्या कुणीही त्यांना कॉकपिट करायला दिलं नाही. "दिसायला झकास, पण भाऊ, वजन!" असं लोक माझंच वाक्य माझ्यासमोर म्हणत, आणि मी ऐकून घेत असे. वर्षभरानं कळलं, त्यांनी लॅब बंद केली.

ते कळल्यावर आणखी सहा महिने मी गेलो नाही. गेलो तेव्हा ते घराच्या ओट्यावर वाटाणे सोलत होते. मी सगळं सांगितलं. ते सोलत राहिले. मग हात थांबले.

"दीड वर्ष झालं गा," ते म्हणाले. "एक दात घासाले मी तीन-तीनदा मोजत होतो. डॉक्टर म्हने, काका, चांगलंच हाये. मले वाटे, खोटं बोलून राहिला, माह्या वयाकडं पाहून. अन् तुले मालूम होतं."

"चुकलं माझं."

"मले काहून सांगतं? मी थोडी म्हनलो होतो का कॉकपिट भारी हाये. जेथं बोलला तेथं सांग. मैदानात. मी येतो, मले ऐकाचं हाये."

मी हो म्हणालो. रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. मी फोन केला, ताप आहे म्हणून. ताप नव्हता. पुढच्या रविवारी पाहुणे आले म्हणालो. पाहुणेही नव्हते. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बरं, मंग पुढच्या खेपी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित गेलो असतो.

तिसरा रविवार त्यांच्यासाठी आलाच नाही. शुक्रवारी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी मी मैदानावर बोललो. मग एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "जाऊ द्या काका, जुनी गोष्ट." मला तो हात नको होता. मी तिथून काकूंकडे गेलो आणि मैदानात सांगून आलो, असं सांगितलं.

त्यांनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "सांगतलं, चांगलं केलं, भाऊजी. पन तेयले ऐकाचं होतं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आता लिहून द्या," त्या म्हणाल्या. "लेकीच्या सासरी बी सगळे समजतात, का म्हातारपनात बाबाचा हात गेला म्हनून लॅब बंद केली. बोललेलं कोन कुठवर नेईल? कागद दाखवता येते."

म्हणून हे लिहिलं. यातला आधीचा भाग, फुंकर, समोसा, मिशी, मी माझ्या समाधानासाठी लिहिला. ते माणूस म्हणून कसे होते ते राहावं म्हणून. काकूंना हवं होतं ते एवढंच आहे: ते विमान माझ्या चुकीनं पडलं. त्या माणसाचा हात कधीही गेला नव्हता.