चष्म्याचा वाघ

लहानपणी मला कावीळ झाली तेव्हा आईनं सवारीला, म्हणजे पीराच्या पंजाला, नवस बोलला: पोरगं वाचलं तर पाच वर्षं मोहरमला अंग रंगवून वाघ होईल. नवस बोलायची ती, वाघ व्हायचं मी. चार वर्षं झालो. मग शिकायला लातूरला गेलो अन् पाचवं वर्ष राहून गेलं, ते तिशी उलटली तरी राहिलेलंच. दरम्यान सात ठिकाणांहून नकार आले. आईच्या मते कारण एकच, नवस फिटला न्हाई. माझं टक्कल तिच्या खिजगणतीतच नव्हतं.

"आधी वाघ हो. मग बघ," ती म्हणाली.

झालो बाबा. लोह्याहून पाट्या रंगवणारे चाचा आले. लहानपणीही त्यांनीच रंगवलं होतं, तेव्हा अर्धा डबा रंगात भागायचं, आता अख्खा लागला. पोटावर पट्टे ओढता ओढता म्हणाले, "बेटा, शेर खाते-पीते घर का दिखरा." चष्म्याशिवाय मला समोरची नाली दिसत न्हाई, म्हणून मिशा वाळल्यावर चष्मा चढवला. रिवाज असा, की एकदा रंग लागला की सवारी थंडी होईस्तोवर, म्हणजे तिचं विसर्जन होईस्तोवर, वाघानं बोलायचं न्हाई, बसायचं न्हाई. गावभर नाचून आपल्या दारात यायचं, मग आई पायावर पाणी घालते.

दुपारी हलगीमागं नाचत दारात आलो, तर ओट्यावर उमरीचे पाहुणे! घर बघायला रविवारी यायचे होते. लोह्याला बारशाला आले अन् जाता जाता उरकून घेऊ म्हणून इकडं वळले. पोरगीही सोबत. आई त्यांना सांगून राहिली होती, "पोरगा तालुक्याला गेलाय, येईलच."

पळालो तर नवस बुडाला, थांबलो तर सोयरीक. अंगात चड्डी अन् रंग, एवढाच ऐवज. लाजेनं मेल्यागत झालं, तरी नाचलो.

पोरीच्या वडिलांना कौतुक वाटलं. सोबतच्या नातवाची भीती मोडावी म्हणून त्यांनी त्याला माझ्या हातात दिलं. त्या कार्ट्यानं चष्माच ओढून फेकला. कसाबसा त्याला खाली ठेवला अन् जमीन चाचपडू लागलो. चष्मा पोरीनंच उचलला. एकदा त्याच्याकडं, एकदा मोबाइलमधल्या माझ्या फोटोकडं बघितलं.

"बाबा, हेच हायत ते."

वडील खाली आले. "तुम्हीच का हो? काय करता?"

मी गुरगुरलो. दुसरं काय करणार?

"माणूस विचारून राहिला, अन् हे काय?" ते चिडले. आई तांब्या धरून थिजलेली. वाटलं, गेली ही आठवी. तोंड उघडणारच होतो, पण आईकडं बघून मिटलं.

"नवसाचा वाघ हाय, बाबा," पोरगी म्हणाली. "सवारी थंडी झाली की बोलतील. आपण थांबू."

थांबले. संध्याकाळी रॉकेलनं तोंड पुसून बोललो, अन् जमलं.

बायको अजून म्हणते, "तवा तोंड उघडलं असतं तर मीच न्हाई म्हणले असते."

गेल्या साली आमच्या पोरीचा ताप उतरेना. बायकोनं सवारीपुढं हात जोडले.

"काय बोललीस?"

"पाच वर्षं वाघ."

"एवढीशी पोर वाघ होणार?"

"ती कशाला? तुम्ही हाव की."

ताप उतरला. मी हसत-रडत चाचांना फोन लावला अन् सांगितलं, यंदा दोन डबे आणा.