आबांच्या गोलसाठी तीन संगणक

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तरुणपणी शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीकडून फुटबॉल खेळताना थेट मैदानाच्या मध्यरेषेवरून गोल मारला, असं ते गेली चाळीस वर्षं सांगत आले आहेत. तेवढीच वर्षं तालमीतले त्यांचे सोबती त्यावरून त्यांची टर उडवतात.

यंदा नवरात्रात तालमीच्या जुन्या संगणकात त्या सामन्याचं चित्रीकरण सापडलं. कुणीतरी कधीतरी कॅसेटवरून उतरवून ठेवलेलं. पण फाईल इतक्या जुन्या धाटणीची, की कशावरच उघडेना. दसऱ्याला सगळे जुने खेळाडू जमणार होते. "एकदा दाव त्यास्नी," आबा म्हणाले. एरवी ते माझ्याकडे काही मागत नाहीत.

मी कॉलेजात संगणक शिकवते. अशी फाईल बदलून देणारं एक साधन मला माहीत होतं. त्याला बटणं नसतात, काळ्या चौकटीत आज्ञा टाइप करायची. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. एक ओळ लिहिली, पासवर्ड दिला, चहाला उकळी यायच्या आत साधन बसलं. मी खूश. पण फाईल बदलायला घेतली आणि दहा वर्षांचा तो लॅपटॉप तव्यासारखा तापून बंद पडला. मग सुट्टीला आलेल्या भावाचा मॅक ओढून घेतला. तिथं आधी साधनं बसवणारं वेगळंच साधन बसवावं लागतं. ते उतरता उतरता दुपार गेली, आणि भावाला नेमका तेव्हाच ऑफिसच्या कामाला मॅक हवा झाला. मी त्याला बरंच ऐकवलं.

उरला तालमीतलाच विंडोजवाला संगणक. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर त्याच्यावर झेंडूची माळ आणि कीबोर्डवर हळदकुंकू. खंडेनवमी होती.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाय," माझं बंद पडलेल्या लॅपटॉपचं रडगाणं ऐकून तालमीचे म्हातारे सेक्रेटरी म्हणाले.

"संगणक कधीपासून हत्यार झाला, काका?"

"तुझा लॅपटॉप पुजला हुतास?"

"नाही."

"मग पडला की बंद."

मी चडफडत घरी आले.

दसऱ्याला सकाळी माळ उतरली. मी साधन डाउनलोड केलं, तोवर सेक्रेटरींनी त्यावर दोनदा क्लिक केलंसुद्धा. काळी चौकट आली आणि गेली. पुन्हा केलं, पुन्हा गेली. "लाजतंय," ते म्हणाले. मी त्यांना बाजूला सारलं. साधन कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलंय ते विंडोजला सांगितलं, काळी चौकट बंद करून नव्याने उघडली, तेव्हा कुठं त्याने आज्ञा ओळखली. दुपारपर्यंत फाईल चालू झाली. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी सोनं देऊन झाल्यावर सगळे पडद्यासमोर बसले. चेंडू आला, आबा धावले, गोल झाला. अगदी खांबाजवळून. फार तर चार पावलांवरून.

तीन दिवस खटपट करून हे मीच सगळ्यांना दाखवलं होतं. आबांची सर्वांत जास्त टर उडवणारे त्यांचे जुने गोलकीपर चष्मा पुसत म्हणाले, "लांबनंच हाय की. कॅमेऱ्यात जवळ दिसतंय."

"व्हय, लांबनंच," बाकीचे म्हणाले.

आबा पडद्याकडे बघत राहिले. मग हसले.

"न्हाय रं, जवळनंच हाय," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "लाव परत."